शेवट ठाऊक असलेले सिनेमे

आज एक कबुली द्यायची आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. बी.ए.लाही मराठीच घेतलं होतं. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकरांचा वाद आमच्या वेळी परीक्षेत हमखास यायचा आणि मी हमखास खांडेकरांच्या बाजूनं उत्तर लिहायची. गोड शेवटाच्या गोष्टी म्हणजे वेळेचा अपव्यय, हे माझं ठाम मत. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा आमच्या शिक्षकखोलीतल्या दोघी-तिघी तो दोन-दोनदा बघून आल्या, डोळे सुजवून. मी एकदाही गेले नाही. वर "तिकीट काढून रडायला कशाला जायचं?" असं विचारून त्यांचा विरस केला तो वेगळाच.

अशा मी, २०२३ च्या हिवाळ्यात, अमेरिकेत लेकीच्या घरी, सोफ्यावर पाय वर घेऊन आणि अंगावर शाल ओढून, एकेचाळीस नाताळ-सिनेमे पाहिले. एकेचाळीस! आकडा बरोबर आहे, कारण डायरीत रेघा मारत होते. त्यातले निदान पस्तीस हा एकच सिनेमा होता असं म्हटलं तरी चालेल.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठ्या शहरात, बहुधा न्यूयॉर्कमध्ये, एक मुलगी असते. कामात बुडालेली. तिचा एक होणारा नवरा असतो आणि तो सतत फोनवर बोलत असतो, त्यावरून आपण ओळखायचं की हा काही खरा नायक नव्हे. डिसेंबरात काही कारणानं तिला आपल्या लहानशा गावी जावं लागतं. वडिलांचं दुकान बंद पडायला आलेलं असतं, नाहीतर आजीचं जुनं घर विकायला निघालेलं असतं. गावात चौकड्यांचा शर्ट घातलेला एक जण भेटतो. तो सुतारकाम करतो, नाहीतर नाताळची झाडं विकतो. बरेचदा विधुर असतो आणि त्याला एक चुणचुणीत मुलगी असते. पहिल्या भेटीत दोघांचा धक्का लागून हिच्या हातातली कॉफी सांडते. मग दोघं मिळून बिस्किटं भाजतात, झाड सजवतात, आणि अगदी जवळ येतात तेवढ्यात कोणीतरी दार उघडतं. शेवटची वीस मिनिटं उरली की एक गैरसमज होतो. हा गैरसमज एका वाक्यात मिटण्यासारखा असतो, पण ते वाक्य कोणी बोलत नाही. मग गावच्या चौकातल्या मोठ्या झाडावरचे दिवे लागतात, गैरसमज मिटतो, बर्फ पडायला लागतो, आणि दोन तासांतलं पहिलं चुंबन. संपलं.

पहिल्या दिवशी मी दहाव्या मिनिटाला सगळा शेवट सांगून टाकला. नात म्हणाली, "आजी, तू आधी पाहिलायस?" तिला काय सांगू! श्रावणातल्या कहाण्या वाचत लहानाची मोठी झालेल्या बाईला सिनेमा आधी बघावा लागत नाही. आटपाट नगर म्हटलं की पुढे गरीब ब्राह्मण येणार, कोणीतरी उतणार-मातणार, घेतला वसा टाकणार, मग पश्चात्ताप, आणि शेवटी सुफळ संपूर्ण.

हे सिनेमे काढण्यात सगळ्यात पुढे आहे ती हॉलमार्क, म्हणजे तीच ग्रीटिंग कार्डवाली कंपनी. १९१० साली कॅन्सस सिटीत जॉइस हॉल नावाच्या अठरा वर्षांच्या मुलानं (हो, मुलगाच, नाव जॉइस) पोस्टकार्डं विकायला सुरुवात केली, त्यातून ती उभी राहिली. १९५१ च्या नाताळच्या आदल्या रात्री तिनं टीव्हीवर एक ऑपेरा सादर केला आणि तिथून तिचा टीव्हीशी संबंध जुळला. तिची स्वतःची वाहिनी २००१ सालची. २००९ पासून ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ म्हणून दर हिवाळ्यात हे सिनेमे ओळीनं लागतात, दिवसरात्र. मी पाहिले तेव्हा वर्षाला तीस-चाळीस नवे निघत होते. बरेचसे कॅनडात काढतात, दोन-तीन आठवड्यांत एक, आणि तेही पुष्कळदा ऐन उन्हाळ्यात! बर्फ खोटा, अंगावर लोकरीचे कोट खरे. हे कळल्यापासून मी नायकाच्या कपाळावर घाम दिसतो का ते बघत असे. नाही दिसला कधी.

असो. एवढं कळूनही मी रोज रात्री आठ वाजता सोफ्यावर का जाऊन बसत होते, हे सांगण्यासाठी त्या हिवाळ्याची गोष्ट सांगायला हवी.

लेक-जावई कनेक्टिकट राज्यात राहतात, हार्टफर्ड शहराच्या जवळ. हार्टफर्ड म्हणजे विमा कंपन्यांचं गाव, आणि त्या कंपन्यांची कॉम्प्युटरची कामं करणारी आपली मंडळी तिथे पुष्कळ आहेत. जावई त्यांतलेच. मी ऑक्टोबरात गेले. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं, चकल्या थोड्या कडक झाल्या होत्या पण संपल्या, आणि त्यानंतरच्या गुरुवारी, म्हणजे १६ तारखेला, जावयांची नोकरी गेली. सकाळी नऊ वाजता कॉम्प्युटरवर पंधरा मिनिटांची बैठक, आणि दहाला ते स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. मला म्हणाले, "आई, चहा टाकता का थोडा?" त्या वेळी ते कधी चहा घेत नाहीत. मी काही विचारलं नाही. आलं किसून घातलं.

नोकरी जाणं आपल्याकडेही वाईटच. पण तिथे त्याला आणखी एक शेपूट आहे, ते मला तेव्हा कळलं. ते एच-१बी व्हिसावर. २०१७ सालच्या नियमानं नोकरी सुटल्यापासून जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीनं कागदपत्रं दाखल केली तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं. लेकीची नोकरीही नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेली. ग्रीन कार्डाचा अर्ज मंजूर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण भारतीयांची रांग इतकी लांब की नंबर लागायची वाटच बघायची. नात मात्र तिथे जन्मलेली, तेव्हा ती अमेरिकन नागरिक. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीला राहायची मुभा, आणि आईबापांना साठ दिवस.

मी कॅलेंडर काढून मोजलं. साठावा दिवस १५ जानेवारी. त्या वर्षीची संक्रांत!

लेकीनं फ्रिजवर काही लिहिलं नाही, पण रोज सकाळी दूध काढायला फ्रिज उघडताना तिचे ओठ हलत. आकडा म्हणत असणार. टीव्हीवर नाताळ किती दिवसांवर आला ते मोजायचे, आणि आमच्याकडे वेगळंच मोजणं चालू होतं. त्यातून नाताळ आडवा आलेला. जावयांच्या दोन ठिकाणी मुलाखती बऱ्या झाल्या होत्या, पण १५ डिसेंबरनंतर कोणी फोनच उचलेना. सगळे सुट्टीवर. सिनेमात ज्या सणानं सगळे प्रश्न सुटतात, त्याच सणानं इथे सगळं अडून बसलं होतं.

रात्री नात झोपली की लेक टीव्ही लावायची. बातम्या नको, मालिका नको, खून-मारामाऱ्या तर नकोतच. हेच सिनेमे. मी एकदा शिक्षिकेच्या सुरात म्हटलं, "अगं, तू एवढी शिकलेली, तुला यात काय मिळतं?" ती म्हणाली, "आई, दिवसभर पुढे काय होणार ते मला माहीत नसतं. निदान हे दोन तास तरी माहीत असतं."

मी गप्प बसले. नंतर हसत तिनंच एक गंमत सांगितली. २०१७ साली नेटफ्लिक्सनं ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ नावाचा असाच एक सिनेमा आणला होता. त्रेपन्न माणसं तो सलग अठरा दिवस रोज बघत होती. कंपनीनं ट्विटरवर जाहीरपणे त्यांची थट्टा केली, की बाबांनो, तुमचं मन कोणी दुखावलंय? लोक चिडले, कारण आपण काय बघतो यावर पाळत असते हे त्यातून उघड झालं. लेक म्हणाली, "मला त्या त्रेपन्न जणांना जाऊन भेटावंसं वाटतं."

इथपर्यंत ही लेकीची गोष्ट झाली. आता माझी.

आठ-दहा सिनेमे झाले आणि माझ्या लक्षात आलं, अरे, हे प्रेमाचे सिनेमे नाहीतच! हे माहेरपणाचे सिनेमे आहेत. तो चौकड्यांच्या शर्टवाला निमित्तमात्र. खरी गोष्ट अशी, की दूर गेलेली मुलगी घरी येते. तिची खोली आईनं होती तशी ठेवलेली असते. आई स्वयंपाकघरात काहीतरी ढवळत असते, मुलगी ओट्याला टेकून उभी राहते. आणि शेवटी ती परत जात नाही. राहते! आपल्याकडे माहेरवाशिणीच्या कितीही ओव्या असोत, दिवाळी झाली की मुलीला गाडीत बसवून द्यावंच लागतं. इथे ती बॅग भरून निघते आणि गावच्या वेशीवरून माघारी येते. एकेचाळीस वेळा माघारी आली.

मी त्या आईकडे बघत असे. बऱ्याचदा माझ्यापेक्षा तरुण, ओठांना लाली लावलेली, पण आईच. आणि मला फार, फार बरं वाटायचं. इतकं की दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटतानासुद्धा ते बरं वाटणं उरलेलं असायचं.

कबुली द्यायची आहे ती याचीच. सिनेमे बघण्यात कसली आलीय लाज? लाज वेगळ्याच गोष्टीची होती. मला मनातून वाटायला लागलं होतं, की साठ दिवस असेच निघून जावेत.

आमचे हे २०१९ मध्ये गेले. वाईचं घर मोठं, खाली चार खोल्या, वर दोन. संध्याकाळी मी कृष्णेच्या घाटावर जाऊन येते, दिवा लावते, एकटीपुरता भात टाकते. तक्रार नाही. पण ‘परत येतील’ हा शब्द एकदा मनात शिरला, की तो बाहेर कसा काढायचा? देवापुढे हात जोडले की "जावयांना नोकरी लागू दे" असं मी म्हणत होते, तोंडानं. मनात मात्र वरची खोली झाडून घेत होते.

शेवटी तर कहर केला. डायरीच्या मागच्या पानावर यादी केली. वरची खोली - पंखा बदलणे. गच्चीकडचं दार - कडी. गीझर. कमोड. पाचगणीच्या शाळा - फी विचारणे. (पाचगणी आमच्यापासून घाट चढला की आलीच, आणि तिथे चांगल्या इंग्रजी शाळा आहेत.) तिथे लेक रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी, आणि इथे तिची आई पंख्याचा हिशोब करतेय!

त्या सुट्टीत मी नातीला मराठी वाचायला शिकवत होते. जोडाक्षरं नुकतीच झाली होती, त्यामुळे दिसेल ते देवनागरी ती मोठ्यानं वाचायची, लोणच्याच्या बाटलीपासून पंचांगापर्यंत. २३ डिसेंबरला संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो. ही कुठूनशी माझी डायरी घेऊन आली आणि वाचायला लागली. "व-र-ची खो-ली. पं-खा ब-द-ल-णे." मी "ठेव ती" म्हणेपर्यंत ती पाचगणीपर्यंत पोचली होती. मग मान वर करून म्हणाली, "आजी, आपण तुझ्या घरी राहायला जाणार आहोत?"

जावयांनी पानातली आमटी चमच्यानं हलवली. लेकीनं माझ्याकडे बघितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिला नुसतं समजलं होतं. ती उठली आणि भांडी घासायला लागली, मशीन असताना हातानं.

त्या रात्री टीव्ही लागला नाही. मी खोलीत जाऊन पडले. चौतीस वर्षं वर्गात मुलांना सांगत आले, दुसऱ्याच्या दुःखात आपला फायदा बघू नये. आणि मी काय करत होते?

अकराच्या सुमाराला लेक आली, पायथ्याशी बसली. म्हणाली, "आई, यादी केलीस म्हणून राग नाही. मलाही कधीकधी वाटतं, सगळं सोडून वाईला यावं, तुझ्या हातचं खावं. पण मला हरून यायचं नाहीये. यायचं झालं तर आम्ही ठरवून येऊ. कोणीतरी हाकललं म्हणून नाही."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

ती म्हणाली, "पंखा मात्र बदल. तो खरंच फार आवाज करतो." आणि आम्ही दोघी हसलो, मग थोडं रडलो, तिकीट न काढता.

त्यानंतर मी तेच सिनेमे पुन्हा बघितले ते वेगळ्या डोळ्यांनी. आणि जी गोष्ट तीसेक सिनेमांत दिसली नव्हती ती दिसली. शेवटाच्या जरा आधी शहरातून फोन येतो. जवळजवळ प्रत्येक वेळी येतो. बढती मिळालीय, हवी होती ती जागा तुझीच आहे, लगेच ये. आणि नायिका नाही म्हणते. मला आधी वाटायचं, हा फोन उगाच लांबण लावायला घातलाय. पण तो फोन आला नसता तर तिचं राहणं म्हणजे नाइलाज झाला असता. तिच्या आईलाही त्यात सुख वाटलं नसतं. घरी येण्यातली गोडी दार उघडं असताना येण्यात आहे. हे त्या दोन आठवड्यांत सिनेमा काढणाऱ्यांना कळलेलं असतं आणि मला, मराठीच्या बाईंना, कळलं नव्हतं.

या सिनेमांचा खोटेपणाही तेव्हा जास्त बोचायला लागला, हेही लिहायला हवं. त्यात कोणाला व्हिसा लागत नाही. कोणाचं घरभाडं थकत नाही. दुकान बुडायला आलं तरी दुकानदाराला रात्री झोप लागते. आणि मी पाहिलेल्यांत आपल्यासारखी माणसं असलीच तर नायिकेची मैत्रीण म्हणून, सल्ला देण्यापुरती. तिचं माहेर कुठे आहे हे कोणी विचारत नाही.

पूर्वीचे सिनेमे असे नव्हते. जावई दिवसा घरी असायचे, फोनची वाट बघत. माझ्याबरोबर बसावं म्हणून मी जुने सिनेमे शोधायला सांगितले. एके दुपारी आम्ही १९४५ चा ‘ख्रिसमस इन कनेक्टिकट’ पाहिला, आपल्याच राज्याचं नाव म्हणून. त्यातली बार्बरा स्टॅनविक मासिकात स्वयंपाकाचं आणि कनेक्टिकटमधल्या आपल्या सुंदर शेतघराचं सदर लिहिते. प्रत्यक्षात ती न्यूयॉर्कच्या एका फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि तिला अंडंसुद्धा धड करता येत नाही! मालकच नाताळला जेवायला यायचं म्हणतो तेव्हा नोकरी टिकवायला तिला घर, नवरा, मूल सगळं उसनं आणावं लागतं. जावई त्या महिन्यात पहिल्यांदा खळखळून हसले. म्हणाले, "आई, माझ्या बायोडेटात पण थोडं असंच आहे."

दुसऱ्या दिवशी १९४० चा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ लावला. लुबिचचा. बुडापेस्टमधलं एक दुकान, त्यातले दोन नोकर एकमेकांशी भांडत असतात, आणि निनावी पत्रांतून एकमेकांच्याच प्रेमात असतात. शेवट नाताळच्या आदल्या संध्याकाळी, गोडच. पण मध्ये मालक गैरसमजानं जेम्स स्टुअर्टला कामावरून काढतो. इतकी वर्षं काम केलेला माणूस, आणि बाकीचे नोकर नुसते उभे. जावई उठले आणि बाहेर बर्फ काढायला गेले. बर्फ फारसा नव्हता. मी एकटीनं पुढचा भाग बघितला. त्याला परत घेतात, वर दुकानाचा व्यवस्थापक करतात. जावई आत आल्यावर मी फक्त तेवढंच सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे आई, आधी बघितलाय." शेवट ठाऊक असूनही त्यांना मधलं बघवलं नव्हतं.

तेव्हापासून मी असं समजते, की सगळे गोड शेवट एका तोलाचे नसतात. त्या जुन्या सिनेमात नोकरी जाण्याची भीती खरी आहे, म्हणून शेवट गोड लागतो. नव्यांत भीतीच काढून टाकलेली असते. ती साखर आहे, जेवण नव्हे. पण ताप आलेल्या माणसाला आपण साखरपाणीच देतो की. माझी लेक त्या साठ दिवसांत तापातच होती.

पुढचं आता सांगून टाकते, सिनेमासारखं ताणत नाही. २ जानेवारीला, सुट्ट्या संपल्यासंपल्या, एका कंपनीचा फोन आला. होकार. पण कागदपत्रं दाखल करण्याआधी तिथल्या कामगार खात्याची मंजुरी लागते आणि तिला आठवडाभर जातो. तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. १२ जानेवारीला, शुक्रवारी दुपारी, अर्ज दाखल झाल्याची मेल आली. सत्तावन्नावा दिवस! बर्फ पडत नव्हता, दिवे लागले नव्हते. जावयांनी मेल दोनदा वाचली आणि म्हणाले, "आई, चहा टाकता का थोडा?"

मी आलं किसलं. मला आनंद झाला, अगदी खरा झाला. आणि आत कुठेतरी वरच्या खोलीचं दार लावून घेतल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. सोमवारी संक्रांत होती, तीळ त्या दुकानात मिळाले, गूळ डबाबंद होता पण चालला. तिळगूळ देताना लेक माझ्या कानात म्हणाली, "तुला थोडं वाईट वाटलं ना?" मी म्हटलं, "थोडं." खोटं बोलायचे दिवस संपले होते.

परत निघण्याआधी एका रविवारी ती मला वेदर्सफील्डला घेऊन गेली. हार्टफर्डला लागून असलेलं जुनं गाव, १६३४ साली वसलेलं. २०१८ चा ‘ख्रिसमस ऑन हनीसकल लेन’ तिथे काढला होता आणि तो आम्ही दोघींनी पाहिला होता. मार्च महिना. दिवे नाहीत, बर्फ नाही, झाडं निष्पर्ण, आणि रस्त्यावर एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. जुनी लाकडी घरं मात्र खरी होती, आणि ती तशी साधीच जास्त आवडली मला. पुढे २०२४ च्या नाताळात त्या राज्यानं अशा सगळ्या जागांची यादी करून लोकांना दाखवायला सुरुवात केली, असं लेकीनं कळवलं. आपण आधीच जाऊन आलो, याचा दोघींना उगाचच अभिमान!

एप्रिलमध्ये मी वाईला आले. पंखा बदलला. आता डिसेंबर आला की तिच्या रात्री आठ वाजता, म्हणजे माझ्या सकाळी साडेसहाला, फोन येतो. मी चहाचा कप घेऊन बसलेली असते. ती नव्या सिनेमाची पहिली दहा मिनिटं सांगते आणि पुढचं मी सांगते. फार क्वचित चुकते. शहरातून फोन कधी येणार तेवढं मात्र मी मुद्दाम विचारते.

ती डायरी अजून आहे. परत आल्यावर मागचं पान फाडायला म्हणून उघडलं, तर यादीच्या खाली पेन्सिलीनं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत नातीनं एक ओळ वाढवली होती. ‘वायफाय पाहीजे’. ‘हि’ला वेलांटी चुकलीय. चौतीस वर्षांची सवय, हात लाल पेनाकडे गेला होता. पण राहू दिलं. पानही राहू दिलं. आणि वायफाय घेतलंय, उन्हाळ्याच्या सुट्टीत ती येते तेव्हा लागतंच.